दादाचा उजवा हात आणि डोंगरवाला गेम

दादाच्या हाताचं प्लॅस्टर निघणार होतं त्या दिवशी आई सकाळपासून खुशीत होती. शिऱ्यासाठी रवा भाजून ठेवून ती आमच्याबरोबर दवाखान्यात आलेली. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं, आतला कापूस सोडवला, आणि जो हात बाहेर आला तो दादाचा वाटेचना. बारीक, पिवळट, मनगटावर आडवा जांभळा व्रण.

"अंगठा हलव," डॉक्टर म्हणाले.

दादाने दात आवळले. त्याचा खांदा हलला, कोपर हललं, मानेवरची शीर फुगली. अंगठा होता तिथेच राहिला.

"आता पहिलं बोट."

तेही नाही.

"होईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, पण आमच्याकडे न बघता. घरी आल्यावर आईने शिरा केला. तो कुणी धड खाल्ला नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात होते. मी आठवीत होते आणि दादा मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होता. त्याची ड्रॉइंगची शीट वर्गात फिरायची, इतकी त्याची रेघ स्वच्छ. दिवाळीची सुट्टी संपता संपता तो मित्राच्या स्कूटरवर मागे बसून शिळफाट्याकडून येत होता आणि एका टेम्पोने त्यांना घासलं. मित्राला नुसतं खरचटलं. दादाचा हात टेम्पोच्या दिव्याच्या काचेतून आरपार गेला. बोटं ओढणाऱ्या मनगटातल्या दोऱ्याच तुटल्या होत्या. त्या हॉस्पिटलमध्ये शिवल्या. शिवलेल्या दोऱ्या चालतील की नाही, ते मात्र कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

व्यायामासाठी त्याला ठाण्याला, नौपाड्यातल्या एका फिजिओथेरपीच्या बाईंकडे जावं लागायचं. बहुतेक वेळा मी सोबत असायचे, कारण त्याला एका हाताने छत्रीसुद्धा नीट उघडता यायची नाही आणि ते कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. बाईंनी त्याला एक मऊ रबरी चेंडू दिला. चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे उघडायचे, ताटातले राजमे एकेक करून वाटीत टाकायचे. "दिसत नसलं तरी काम होत असतं," बाई म्हणायच्या. "कंटाळू नकोस."

तो कंटाळला नाही, तो घाबरला. ते मला आता कळतं. तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की तो भिंतीकडे तोंड करून बसतो, चेंडू दाबतो, आणि चेंडूवर साधा खळगासुद्धा पडत नाही. मग एक दिवस चेंडू सोफ्याखाली गेला आणि त्याने तो काढलाच नाही. आईने झाडताना काढून टीव्हीवर ठेवला. दादाने तो पुन्हा सोफ्याखाली ढकलला. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांत असंच चालायचं. कुकरची शिट्टी झाली तरी आम्ही दचकायचो.

टीव्ही गेम कपाटावर पडून होता. मामाने आखातातून येताना आणलेला, लाल-पांढरा डबा, दोन रिमोट आणि काही कॅसेट. त्यातली एक कॅसेट बिल्डिंगमधल्या कुणालाच पार करता आली नव्हती. तिच्यावरचं चित्र भलत्याच गेमचं होतं आणि आतली अक्षरं जपानी, त्यामुळे तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आम्ही तिला डोंगरवाला गेम म्हणायचो. एक बुटका माणूस, हातात कुऱ्हाड, गुहेतून बाहेर पडून डोंगराच्या टोकावर चढतो. तीन लाईफ. तिन्ही संपल्या की परत गुहेच्या तळाशी. मध्ये कुठे थांबून उद्या तिथूनच पुढे, असली सोय नाही. अपघाताआधी दादा त्यात खूप वरपर्यंत जायचा आणि खालच्या मजल्यावरची मुलं आमच्या दारात उभी राहून बघायची.

एका दुपारी मी गणितं सोडवत बसलेली असताना त्याने स्टूल ओढलं, डाव्या हाताने डबा खाली काढला आणि वायरी जोडल्या. मी उठायला लागले तर म्हणाला, "तू बस तिथेच."

चालवायची बटणं डाव्या बाजूला होती, ती ठीक होती. उडी आणि कुऱ्हाड उजव्या अंगठ्याखाली. त्याने उजवा अंगठा डाव्या हाताने उचलून बटणावर ठेवला, जसा एखादा सुटा भाग जागेवर बसवावा तसा. गेम सुरू झाला. माणूस चालत पहिल्या खड्ड्यापाशी गेला, आणि न थांबता सरळ आत पडला. दुसरी लाईफ, तीच गत. तिसरीही. जो खड्डा आम्ही बोलत बोलत ओलांडायचो, तो खड्डा.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आई ऐकत होती.

दादाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडला. माझं गणिताकडे लक्ष नव्हतं आणि टीव्हीकडे बघायची हिंमत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग उडीचा तो छोटा 'टुंग' आवाज आला. मी वर बघितलं. माणूस खड्ड्याच्या पलीकडे उभा होता. दादाही त्याच्याकडे बघत बसला होता, पुढे न्यायचं विसरून. तेवढ्यात मागून एक साप आला आणि माणूस मेला.

त्या दिवसापासून रोज गेम. बाईंकडे गेल्यावर त्यांनी हात तपासला आणि विचारलं, "हे काय करतोयस नवीन?" मीच सांगून टाकलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "कर. पण राग आला की त्या क्षणी थांबायचं. रागात तू खांद्याने दाबशील, अंगठ्याने नाही."

हे सांगणं सोपं होतं. तो गेम राग आणण्यासाठीच बनवला होता असं मला वाटायचं. शत्रूचा नुसता धक्का लागला तरी माणूस मागे उडायचा, आणि मागे बहुतेक ठिकाणी दरी. उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता यायची नाही. आणि चौथ्या स्टेजला ते वटवाघूळ. तिथे दोन कड्यांच्या मध्ये दगडांची रांग होती. शेवटच्या दगडावरून उडी मारली की नेमकं समोरून वटवाघूळ यायचं, छातीवर आपटायचं आणि माणूस सरळ खाली. दर वेळी. अपघाताआधीही दादाच्या सगळ्यात जास्त लाईफ तिथेच जायच्या.

स्कूटर चालवणारा तो मित्र कधीकधी यायचा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसायचा, चहा घाईने प्यायचा, आणि दादाच्या हाताकडे चुकूनही बघायचा नाही. गेमबद्दल बोलणं त्याला बरं वाटायचं. स्टेशनजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये त्याची ऊठबस होती.

"अरे, ही लोकं आधी पार्लरची मशीन बनवायची," तो म्हणाला. "तिथं पोरगं लवकर मेलं तरच पुढचं नाणं टाकणार ना? तीच सवय लागलीये त्यांना. घरात नाणं टाकायचं नसलं तरी मारतातच."

"मग घरात मारून काय मिळतं त्यांना?" मी विचारलं.

याचं उत्तर पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं. त्या कॅसेटमध्ये जागाच फार थोडी असायची. सगळ्या स्टेज मिळून न अडखळता खेळलं तर अर्ध्या तासात गेम संपायचा. अर्ध्या तासाची वस्तू लोकांनी वर्षभर पुरवावी, म्हणून ती अवघड करून ठेवायची. शिवाय बनवणारी माणसं स्वतःच तो गेम खेळून खेळून इतकी तरबेज व्हायची की नवख्याला काय जड जाईल, ते त्यांना कळेनासं व्हायचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आमच्या घरात मात्र त्या दिवसांत तो दुष्टपणाच वाटायचा.

एका संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा दादा वटवाघळापाशी होता. त्याचं कपाळ घामाने चमकत होतं. माणूस दरीत पडला, शेवटची लाईफ गेली, गुहेचं संगीत परत सुरू झालं. दादाने रिमोट उचलून फेकला. वायरीमुळे तो फार लांब गेला नाही, शोकेसच्या काचेवर आदळून लोंबकळत राहिला. काचेला कोपऱ्यापासून तडा गेला.

बाबांनी जेवणाच्या डब्याची पिशवी खांद्यावरून काढली, चप्पल काढली आणि मग भिंतीतलं बटण बंद केलं. टीव्हीचा पडदा एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला.

"हे उद्यापासून बंद," बाबा म्हणाले.

"का?"

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. हे नाही सांगितलं."

"तो चेंडू दाबून मला काय कळतं, बाबा?" दादाचा आवाज चिरकला. "दाबला काय, नाही दाबला काय, चेंडू तसाच राहतो. इथे निदान मेलो ते दिसतं! काल दोन दगड जास्त गेलो, तेही दिसतं!"

"आणि हे दिसतं का?" बाबांनी काचेकडे बोट दाखवलं. "तुझ्या आईची काय हालत झालीये, ते दिसतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. मला वाटलं ती मध्ये पडेल, कारण ती नेहमी पडायची. ती बाबांना म्हणाली, "राहू दे. तो बोलला तरी आज. दोन महिने झाले, एवढं एक वाक्य बोलला नव्हता तो."

बाबा आत जाऊन हातपाय धुवत बसले. नळ बराच वेळ चालू होता. दादाने फुटलेल्या काचेवर चिकटपट्टी लावली. पट्टी फाडताना त्याने उजव्या हाताची बोटं वापरली. ते माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाही.

गेम बंद झाला नाही, पण एक अट आली: रिमोट पुन्हा फेकला तर सगळा गेम मामाकडे परत. दादाने ती पाळली. त्याऐवजी तो आता मरताना काहीच आवाज करायचा नाही, आणि ते जास्त भीतीदायक होतं. मी त्याच्या मागे पलंगावर बसून बघायचे. बोलायला परवानगी नव्हती. आणि बोलायचं तर माझ्याकडे काहीतरी होतं, कारण तो अंगठ्याकडे लक्ष ठेवून खेळायचा आणि मी फक्त वटवाघळाकडे बघायचे. ते आपल्या उडीमुळे येत नव्हतं. माणसाने शेवटच्या दगडावर पाय ठेवला की ते निघायचं. आपण लगेच उडी मारायचो म्हणून दोघं मध्ये भेटायचे.

हे मला कळल्यावर कितीतरी दिवस मी गप्प बसले. सांगितलं आणि चुकलं तर? चुकलं नाही पण त्याला राग आला तर? त्याला आपल्याच घरात सगळे मदत करायला टपलेले असायचे, आणि कुणी भात कालवून दिला तरी तो ताट सरकवायचा.

शेवटी एकदा माणूस शेवटच्या दगडाच्या अलीकडे उभा असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, चढ आणि लगेच मागे ये."

त्याची पाठ ताठ झाली. त्याने मागे वळून बघितलं नाही. माणूस दगडावर चढला आणि उलट उडी मारून मागच्या दगडावर आला. वटवाघूळ आलं, रिकाम्या हवेतून फडफडत गेलं आणि पडद्याबाहेर नाहीसं झालं. दादाने सावकाश पुढे जाऊन उडी मारली. माणूस पलीकडच्या कड्यावर उभा राहिला.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्याने विचारलं.

"बरेच दिवस."

"बावळट," तो म्हणाला, आणि थोडा सरकून बसला. माझ्यासाठी जागा केली होती.

मे महिना आला. डोंबिवलीत तेव्हा शुक्रवारी तासन्‌तास लाईट जायची, आणि इतर दिवशी संध्याकाळी व्होल्टेज इतकं कमी व्हायचं की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. ज्या दिवशी दादा पहिल्यांदा शेवटच्या स्टेजला पोचला तो गुरुवार होता. दोन लाईफ शिल्लक होत्या. त्याने पॉज केलं, हात झटकला, अंगठा चोळला. तेवढ्यात बाबा आले. त्यांची बातम्यांची वेळ झाली होती.

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. पॉज केलेला माणूस एक पाय हवेत धरून पडद्यावर थांबला होता.

"शेवटची आहे," मी म्हणाले.

बाबा खुर्चीवर बसले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. दादाने पॉज काढला.

शेवटची स्टेज म्हणजे बर्फाची उभी भिंत. वरून दगड यायचे, बाजूने वारा माणसाला ढकलायचा, आणि पाय ठेवायला टीचभर जागा. पहिली लाईफ भिंतीच्या मध्यावर गेली. दादाने शिवी गिळली. आता एकच उरली. खोलीत फक्त बटणांची टकटक आणि पंख्याची घरघर. तो मध्यापर्यंत पोचला, मग मध्याच्या वर, आणि चित्र आक्रसायला लागलं. काळी पट्टी कडेने आत येऊ लागली. व्होल्टेज पडत होतं. आणखी पडलं तर डबा आपोआप रिसेट होणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"बाबा!" मी ओरडले.

बाबा उठले. क्षणभर मला वाटलं ते टीव्ही बंद करतायत. त्यांनी पंखा बंद केला, ट्यूबलाईट बंद केली, आणि आईला म्हणाले, "फ्रीज! फ्रीज काढ आधी!"

आई धावत आत गेली. फ्रीजची घरघर थांबली. चित्र थरथरलं आणि किंचित पसरलं. अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघं घामाने निथळत होतो आणि दादाच्या चेहऱ्यावर बर्फाचा निळा उजेड पडला होता. बाबा टीव्हीजवळ उभे राहून स्टॅबिलायझरचा काटा बघत होते. "आहे, आहे अजून," ते हळूच म्हणत होते, "जा तू."

शेवटच्या उडीला दादाचा अंगठा बटणावरून घसरला. माणूस कड्यावर हेलकावला, वाऱ्याने त्याला मागे ढकललं. आईने डोळे मिटून घेतले. दादाने अंगठा सोडून दिला आणि पहिल्या बोटाने बटण दाबलं. जे बोट डॉक्टरांसमोर हललं नव्हतं, त्याने.

माणूस टोकावर पोचला.

पडदा पांढरा झाला. डोंगर, वर सूर्य, खाली जपानी अक्षरांच्या दोन ओळी. माणसाने कुऱ्हाड उंच धरली. आम्ही वाट बघत राहिलो की आता काहीतरी होईल. संगीताची एक छोटी ओळ वाजली, पडदा काळा झाला, आणि माणूस पुन्हा गुहेच्या तळाशी उभा. तोच पहिला खड्डा. फक्त सापांचा रंग बदललेला, आणि ते आता दुप्पट वेगाने येत होते.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं. "परत पहिल्यापासून?"

"हो."

"आणि अजून अवघड?"

"हो."

बाबा एवढे चिडले की आम्हाला नवल वाटलं. "हा काय चावटपणा आहे? एवढं करून माणसाला काही देतात की नाही? कुणी बनवलंय हे?" ते खरोखर भांडायच्या पवित्र्यात टीव्हीसमोर उभे होते. दादा आधी त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. आई त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. एरवी त्याने तो काढून घेतला असता.

हे सांगितल्यावर सगळं सुरळीत झालं असं वाटेल. तसं झालं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ड्रॉइंगचा कागद बोर्डवर लावला आणि त्याची रेघ थरथरली. गेमचं बटण दाबणं वेगळं, पेन्सिल एका वजनाने ओढत नेणं वेगळं. नौपाड्याच्या बाईंकडे जाणं वर्षभर चाललं. हिवाळ्याच्या परीक्षेत तो ड्रॉइंगमध्ये नापास झाला, पुढच्या खेपेला काठावर पास झाला. त्याची शीट पुन्हा कधी वर्गात फिरली नाही. डिप्लोमा संपल्यावर त्याला ठाण्यात एका कारखान्यात तयार भाग मोजून तपासायचं काम मिळालं. तिथे रेघ ओढावी लागत नाही. अंगठा आजही पूर्ण वळत नाही, आणि थंडीत तो हात खिशात ठेवतो.

अलीकडे एकदा मी त्याला विचारलं, "तुला एवढा संताप यायचा त्या गेमचा, तर खेळायचास कशाला?"

"संताप यायचा म्हणूनच," तो म्हणाला. "त्या दिवसांत सगळे माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलायचे ना. तुम्ही सगळे. तो गेम नाही तसं बोलायचा."

मग त्याने विषय बदलला आणि माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारलं.